तलवार आणि गोणी

इतिहास म्हणजे लढायांची वंशावळ, अशी आपल्याकडील सुशिक्षित वाचकांची समजूत फार दृढ झालेली आहे. आमच्या विद्यार्थ्यांस पानपतावर कोणता सरदार कोठें उभा होता हें तोंडपाठ असतें; परंतु त्या फौजेस दाणागोटा कोणीं पुरविला, असें विचारलें असतां सारे एकमेकांकडे पाहूं लागतात.

गंमत अशी कीं, हाच प्रश्न त्यांच्यापुढें एका खेळानें मांडला आहे. आइसलंडमधील एका कंपनीनें २००३ सालीं 'ईव्ह ऑनलाइन' नांवाचा संगणकावरील खेळ काढला. देशोदेशींचे लोक त्यांत एकाच काल्पनिक अंतराळांत वावरतात व युद्धें करतात. परंतु लढाऊ जहाजें बहुतांशीं खेळाडूंनाच बांधावीं लागतात. त्यासाठीं कोणी लघुग्रहांतून खनिज काढतो, कोणी तें शुद्ध करतो, कोणी माल वाहतो, कोणी भाव पाहून खरेदीविक्री करतो. शस्त्रास हात न लावतां वर्षानुवर्षें खेळणारे त्यांत आहेत. खेळ रचणारांस जें उमगलें तें इतिहास शिकविणारांच्या ध्यानांत येऊं नये, हें नवलच होय.

आपल्या पूर्वजांस मात्र तें ठाऊक होतें. शिवकालीन राज्यव्यवस्थेंतील अठरा कारखान्यांत तोफखाना व दारूखाना यांच्या पंक्तीस अंबारखाना, मुदपाकखाना, फरासखाना व उष्ट्रखाना होते. म्हणजे कोठार, स्वयंपाकघर, तंबू आणि उंट हीं राज्याचीं अंगेंच मानलेलीं होतीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत साहुकारांविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे. पुढें फौजा दूरवर जाऊं लागल्या तसा बुणग्यांचा पसारा वाढला. 'बुणगे' हा शब्द आपण तुच्छतेनें उच्चारतों; परंतु त्यांत नालबंद, लोहार, शिकलगार, पखालजी, वाणी, बैलवाले हे सर्व येत. पानपतावर या पसाऱ्याचें ओझें झालें, हें खरें. पण १७६० च्या डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले व रसद तुटली, तेव्हांच फौज अर्धी हरली होती, हेंही तितकेंच खरें.

या वाहतुकीचा कणा म्हणजे लमाण अथवा बंजारा. लवण म्हणजे मीठ, त्यावरून हें नांव आलें असें सांगतात. शेंकडों, कधीं हजारों बैलांचा तांडा, पाठीवर दोहों अंगांस लोंबणाऱ्या गोणी, पुढें नाईक, आणि चरत चरत होणारी मजल, अशी त्यांची रीत. किनाऱ्याचें मीठ आंत व आंतील धान्य बाहेर, असा फेरा चाले. युद्ध जुंपलें तरी तांडा सहसा कोणा एका पक्षाचा नसे. जो रोख मोल देई व वाट निर्धोक ठेवी, त्याच्या छावणींत गोणी उतरे.

याचें मर्म नागपूरकरांस फार महागांत कळलें. १८०३ सालीं दुसरे रघूजी भोसले व दौलतराव शिंदे यांच्याविरुद्ध आर्थर वेलस्ली चालून आला, तेव्हांचे त्याचे खलिते बैल व लमाण यांच्या चिंतेनें भरलेले आहेत. असईस शिंद्यांच्या तोफांनीं त्याची मोठी हानि केली. शौर्यांत आपली बाजू उणी नव्हती. परंतु दख्खनेंत धान्याची टंचाई असतांना महिनोन्महिने फौज जगविण्याची तजवीज त्यानें केलेली होती. २९ नोव्हेंबरास आडगांव, १५ डिसेंबरास गाविलगड, आणि १७ डिसेंबरास देवगांवचा तह! कटक गेलें, वर्धेपलीकडचें वऱ्हाडही गेलें.

तांड्यांचें पुढें काय झालें, तें अधिक दुःखद आहे. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. १८७७ सालीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. माल रुळांवरून जाऊं लागला आणि बैलाची पाठ रिकामी झाली. धंदा गेल्यावर अब्रूही गेली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखालीं ठिकठिकाणीं याच लोकांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. राजांच्या फौजा ज्यांनीं पोसल्या त्यांची ही बिदागी!

हा धडा केवळ जुन्या काळचा आहे, असें ज्यांस वाटेल त्यांनीं नागपुराहून दक्षिणेस बुटीबोरीपर्यंत जावें. तेथें रस्ता फुटतो. एक फांटा वर्ध्याकडे, दुसरा हिंगणघाटावरून हैदराबादेकडे. त्या तिवाठ्याजवळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची प्रचंड वसाहत आहे. कृत्रिम धागा, टायर, विजेच्या तारांचे मनोरे असें कितीतरी तेथें तयार होतें, आणि मालमोटारींचे नवे तांडे तें देशभर नेतात. त्या गाड्या हांकणारांचीं व भट्टीपाशीं रात्रपाळी करणारांचीं नांवें कोणत्या बखरींत येणार? यंत्र बदललें कीं त्यांचीही गत लमाणांसारखी होणार नाहीं, याची हमी कोण देणार?

लमाणांची बोली लिपीविना राहिली. त्यांचा मागमूस दुसऱ्यांच्या जमाखर्चांतच शोधावा लागतो. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर मोडी वह्या पडलेल्या असतात. त्यांत लढाई नसते, म्हणून त्या रद्दींत जातात. आमची विनंति इतकीच कीं, त्या विकण्यापूर्वीं जाणत्याकडून एकदां वाचवून घ्याव्या. गोणीचा भाव, बैलाचें भाडें, नाइकाची सही, एवढें जरी सांपडलें, तरी ज्यांच्या पाठीवर आपला इतिहास चालत आला त्यांचें थोडेंसें ऋण फिटेल.