मानवेल
मानवेल : (लॅ. डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, कुल–पोएसी). गवताच्या कुलातील बहुवर्षायू बांबू. दादरा व नगर हवेलीतील सिल्वासाभोवतीच्या पानझडी जंगलांत बेटांनी वाढतो. उंची साधारणपणे 8–16 मी., व्यास 2.5–8 सेंमी.; कोरड्या जागी काठी जवळजवळ भरीव असते. नवे कोंब पावसाळ्यात फुटतात. बहुधा 25–45 वर्षांनी बेटे फुलतात, बी धरतात व मरतात. बी तांदळासारखे शिजवून खातात. तेथील वारली व कोकणा हे आदिवासी लोक काठ्यांपासून टोपल्या, सुपे, कुडाच्या भिंती करतात. तारपा या वारल्यांच्या फुंकवाद्यातही बांबूच्या नळ्या असतात. कागदाचा लगदाही करतात. लागवड बियांपासून किंवा कंदांपासून, पावसाळ्याच्या प्रारंभी, सुमारे 5 × 5 मी. अंतरावर करतात, निचऱ्याची जमीन मानवते. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळला; त्यामुळे वनाबाहेरील बांबूची तोड व वाहतूक सुलभ झाली.