कधी बाहेर, कधी आत? निवृत्तीचे पैसे आणि बाजाराच्या 'टायमिंग'चा इतिहास

आजचा भाग थोडा घरचा आहे आणि थोडा इतिहासाचा. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहून काढलेलं रूप. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, सगळे निघालेले नाहीत.

आमचे आप्पा सप्टेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे असं सगळं मिळून जी रक्कम आली त्यातली बरीचशी त्यांनी पोस्टात आणि बँकेत ठेवली. सहा लाख मात्र माझ्या हातात दिले. "तू इंजिनिअर आहेस, कॉम्प्युटरवर काय ते बघ," म्हणाले. मी नुकताच बीटेक झालेला, पहिली नोकरी. मला तर तेच पाहिजे होतं.

मी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. नियम एकदम सोपा. निफ्टीच्या गेल्या २०० दिवसांच्या भावाची सरासरी काढायची. आजचा भाव सरासरीच्या वर असेल तर पैसे इंडेक्स फंडात. खाली गेला की सगळे काढून लिक्विड फंडात. मागचा डेटा लावून बघितला, तर २००८ ची पडझड बऱ्यापैकी टळत होती. आप्पांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "म्हणजे पडायच्या आधी तुला कळणार?" मी म्हटलं, "आधी नाही आप्पा, पण पडायला लागल्यावर लगेच."

पुढे काय झालं ते सांगतोच. त्याआधी हा प्रश्न पहिल्यांदा कुणी नीट मोजून बघितला, ते ऐका. कारण मी जे केलं ते काही नवीन नव्हतं. शंभर वर्षं जुनं होतं.

अमेरिकेत चार्ल्स डाउ नावाचा पत्रकार होता. डाउ जोन्स निर्देशांकातला डाउ तो हाच. १९०२ मध्ये तो वारला. बाजाराच्या लाटा ओळखायच्या त्याच्या कल्पना पुढे वॉल स्ट्रीट जर्नलचा संपादक विल्यम पीटर हॅमिल्टन याने चालवल्या. तेजी चालू आहे की मंदी आली, हे तो अग्रलेखांतून सांगायचा. २५ ऑक्टोबर १९२९ ला, म्हणजे ती कुप्रसिद्ध घसरण चालू असतानाच, त्याने लिहिलं की वारं फिरलंय, मंदी आली. बरोबर निघालं. डिसेंबरमध्ये तो वारला आणि लोकांच्या मनात भविष्य अचूक सांगणारा माणूस म्हणून राहिला.

आता आल्फ्रेड कोल्स. हा पैसेवाल्या घरातला, क्षयामुळे कोलोरॅडोत राहायला आलेला माणूस. बाजाराचा सल्ला देणारी बरीच पत्रकं तो विकत घ्यायचा. १९२९ ची घसरण त्यांतल्या बहुतेकांना दिसली नाही. हा वैतागला, पण शिव्या देत बसला नाही. त्याने सगळ्यांचे जुने अंदाज जमा केले आणि पंचकार्डाच्या मशीनवर हिशोब लावला. आजच्या भाषेत बॅकटेस्टच. १९३३ मध्ये त्याचा निबंध छापून आला. बाजाराचं भाकीत करणाऱ्यांना खरंच भाकीत करता येतं का, असा त्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर होतं, शंका आहे.

हॅमिल्टनचे आकडे बघा. १९०३ च्या शेवटापासून १९२९ च्या शेवटापर्यंत २६ वर्षं. त्याने ९० वेळा मत बदललं. ४५ वेळा बरोबर, ४५ वेळा चूक. त्याचं ऐकून चाललेल्याला वर्षाला सरासरी १२ टक्के मिळाले असते. नुसतं शेअर घेऊन बसलेल्याला १५.५ टक्के. साडेतीन टक्क्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण चक्रवाढीने २६ वर्षं लावा. १२ टक्क्यांनी १०० रुपयांचे साधारण १,९०० होतात. १५.५ टक्क्यांनी ४,२०० च्या वर.

गोष्ट इथेच संपवली तर मी लबाडी केली असं होईल. १९९८ मध्ये विल्यम गेट्झमन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी हेच अग्रलेख परत तपासले. त्यांचं म्हणणं असं की हॅमिल्टन बराच काळ बाजाराबाहेर असायचा, म्हणून त्याने जोखीमही कमी घेतली. ती हिशोबात धरली तर त्याची कामगिरी वाईट नव्हती. निवृत्त माणसासाठी हा मुद्दा फार मोठा आहे. आप्पांना १५ टक्के नकोच होते. त्यांना रात्री झोप पाहिजे होती. म्हणजे माझ्या स्क्रिप्टला एक चांगली बाजू होती, आणि ती अजूनही मी नाकारत नाही.

पण विल्यम शार्पने १९७५ मध्ये वेगळ्या बाजूने गणित मांडलं. याला पुढे १९९० मध्ये नोबेल मिळालं. त्याने विचारलं, दरवर्षी शेअर की रोकड असा निर्णय घेणाऱ्याला नुसतं बसून राहणाऱ्यापेक्षा पुढे जायचं असेल तर किती वेळा बरोबर यावं लागेल? उत्तर आलं, साधारण १०० पैकी ७४ वेळा. हॅमिल्टन निम्म्या वेळा बरोबर होता. आणि तो तर रोज हेच काम करायचा.

बरं, हे झालं अमेरिकेचं. आता आपल्या सोलापुरात या. टायमिंगच्या सगळ्या पद्धती एक गोष्ट गृहीत धरतात. ती म्हणजे, इशारा मिळाला की बाहेर पडायचं दार उघडं असेल. आपल्या गावाने ते दार बंद झालेलं बघितलंय.

जुनी मिल तुम्हाला माहितीये. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १८७७ मध्ये सुरू झालेली. हजारो लोकांचं पोट तिच्यावर. ऑगस्ट १९४९ मध्ये मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला आणि स्वतःचे संचालक नेमले. शेअर भागधारकांच्याच नावावर राहिले, पण संचालक निवडायचा, ठराव करायचा त्यांचा हक्क गेला. एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि डिसेंबर १९५० मध्ये हरला. दरम्यान नवीन संचालकांनी प्रेफरन्स शेअरवाल्यांना सांगितलं की तुमचे शेअर पूर्ण भरलेले नाहीत, उरलेल्यातले पैसे भरा. द्वारकादास श्रीनिवास हे भागधारक त्याविरुद्ध लढले. डिसेंबर १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे दोन्ही खटले मालमत्तेच्या हक्कासाठी शिकवतात. मला त्यात दुसरंच दिसतं. बंद मिलचे शेअर हातात, वरून आणखी पैसे भरायची नोटीस. इथे २०० दिवसांची सरासरी काय सांगणार होती?

दुसरं दार २००१ मध्ये बंद झालं आणि ते देशभर. युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना १९६४ ची. दहा रुपयांचं युनिट, दरवर्षी लाभांश. निवृत्त मास्तर, कारकून, विधवा बायका यांनी बँकेइतक्याच विश्वासाने त्यात पैसे ठेवले होते. शेवटी शेवटी दोन कोटींच्या आसपास युनिटधारक होते. घोळ असा की युनिटचा भाव ट्रस्ट स्वतः जाहीर करायचा. आतल्या गुंतवणुकीची खरी किंमत त्याहून वेगळी असू शकायची. नव्वदच्या दशकात आतला शेअर्सचा हिस्सा वाढत गेला. १९९८ मध्येच गंगाजळी उणे झाली होती आणि दीपक पारेख समिती बसली होती. एप्रिल-मे २००१ मध्ये मोठ्या कंपन्यांनी चढ्या जाहीर भावाने मोठ्या रकमा काढून घेतल्या. २ जुलै २००१ ला ट्रस्टने सांगितलं, सहा महिने खरेदी-विक्री बंद.

ज्यांना टायमिंग जमलं, त्यांना आतली खबर होती. पेन्शनरांकडे होता फक्त जाहीर केलेला भाव, आणि तो तर शेवटपर्यंत छान दिसत होता. मी ज्याला डेटा म्हणतो तोच खोटं बोलत होता.

दार उलट्या बाजूनेही बंद होतं. १६ मे २००९, शनिवार, लोकसभेचे निकाल लागले. निकाल बघून मग बाजारात शिरू, असं ठरवून बसलेले बरेच होते. सोमवारी १८ मेला बाजार उघडला आणि लगेच वरच्या सर्किटला लागून थांबला. परत उघडला, परत लागला, दिवसाचा कारभार संपला. सेन्सेक्स २,११० अंकांनी, म्हणजे १७ टक्क्यांहून जास्त वर. प्रत्यक्ष व्यवहार झाला एका मिनिटापेक्षा कमी. बाहेर थांबलेल्यांना आत यायला जागाच मिळाली नाही.

आता परत आमच्या घरी. फेब्रुवारी २०२० चा शेवट. निफ्टी ११,२०० च्या आसपास असताना स्क्रिप्टने सांगितलं, बाहेर. मी काढले. सहा लाखांचे साडेपाच लाखांहून थोडे जास्त हातात आले. महिन्याभरात निफ्टी ७,६०० वर. आप्पांचे पावणेदोन लाख वाचवले, असं मी फोन करकरून लोकांना सांगत होतो. मामा म्हणाले, "बे, तू तर हर्षद मेहता निघालास!" हे कौतुक होतं की काय, ते अजून कळलेलं नाही.

जुलैत निफ्टी पुन्हा सरासरीच्या वर आला. भाव साधारण ११,००० च्या जवळ. स्क्रिप्टने सांगितलं, आत. म्हणजे विकले त्यापेक्षा थोडं स्वस्तात परत घ्यायची संधी. स्क्रिप्टने तिचं काम चोख केलं होतं.

पण तो जुलै आठवा. सोलापुरात परत कडक लॉकडाउन. रोज कुणाचा तरी फोन, कुणीतरी गेल्याचा. मी घरूनच काम करत होतो. मी आप्पांना म्हटलं, "सिग्नल आलाय." ते म्हणाले, "अरे, बाहेर माणसं मरतायत आणि तू शेअर घ्यायचे म्हणतोस?" खरं सांगतो, त्यांनी नाही म्हटल्यावर मला बरंच वाटलं. मलाही भीती वाटत होती. ही तेजी खोटी आहे, अजून एकदा पडेल, असं मीच स्वतःला समजावलं. ऑगस्ट गेला, दिवाळी गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये निफ्टी १५,००० वर असताना आम्ही परत आत गेलो. बाहेर बसून जवळपास दोन लाख हुकले. वाचवलेल्यापेक्षा थोडे जास्तच.

२०२२ मध्ये बाजार सरासरीच्या वर-खाली नाचत राहिला. स्क्रिप्टने दोनदा बाहेर काढलं, दोनदा आत घातलं. वरून नफ्यावर कर. तिसऱ्या वेळी आप्पा शांतपणे म्हणाले, "हे बंद कर."

बॅकटेस्टमध्ये स्क्रिप्ट चालवायला कुणी माणूस नसतो, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. जुन्या डेटातला प्रत्येक सिग्नल पाळला गेला, असं कोड धरून चालतो. त्यात लॉकडाउन नसतो, वडील नसतात, स्वतःची भीती नसते. कोल्सने अंदाज मोजले, शार्पने अचूकता मोजली. आमच्या घरात अंदाज बरोबर होता, तरी पैसे हुकले.

मग दुसरा काही नियम आहे का? आहे, आणि तो आमच्याच घरात होता. माझे आजोबा इथल्याच एका मिलमध्ये होते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, आणि तो पहिल्यांदा ज्या सहा उद्योगांना लागू झाला त्यात कापड होतं. आजोबांच्या पगारातून दर महिन्याला फंड कापला जायचा. तेजी-मंदी न बघता. सकाळी भोंगा झाला की कामावर, तसंच.

हाच फंड ऑगस्ट २०१५ पासून शेअर बाजारात आला. नवीन जमा होणाऱ्या रकमेतला आधी ५ टक्के, मग १०, मग १५ टक्के भाग इंडेक्सच्या ईटीएफमध्ये. सुरुवात ६ ऑगस्टला. २४ ऑगस्टला सेन्सेक्स एका दिवसात १,६२४ अंकांनी कोसळला. टायमिंग म्हणून बघाल तर यापेक्षा वाईट मुहूर्त मिळाला नसता. तरी पुढच्या महिन्यांत पैसे जातच राहिले, कारण नियमात बाजाराकडे बघायचं कलमच नव्हतं.

एनपीएसमधल्या लाइफ सायकल फंडाचंही तेच. मध्यम पर्यायात ३५ वर्षांपर्यंत निम्मे पैसे शेअर्समध्ये. पुढे दरवर्षी दोन-दोन टक्क्यांनी कमी करत ५५ ला १० टक्के. तो नियम फक्त तुमची जन्मतारीख बघतो. ती तारीख चुकत नाही आणि तिच्याबद्दल अफवा उठत नाहीत. हॅमिल्टनकडून गेट्झमनला जी कमी जोखीम दिसली, ती इथे कुठलंही भाकीत न करता मिळते.

आमच्याकडे आता असं आहे. पाच वर्षांचा घरखर्च पोस्टात आणि ज्येष्ठांच्या योजनेत. त्यातलं इंडेक्स फंडाला हात न लावता चालतं. फंडाचा हिस्सा किती ठेवायचा ते ठरलेलं. दिवाळी पाडव्याला वर्षातून एकदा बघायचं, जास्त झाला असेल तर वरचं काढून पोस्टात, कमी झाला असेल तर उलट. पाडव्याला वह्यांची पूजा तर आधीपासून होतीच. हा सल्ला नाही बरं का, तुमचं वय आणि गरज वेगळी असेल.

स्क्रिप्ट मी डिलीट केलेली नाही. अजून रोज संध्याकाळी चालते आणि मला ईमेल पाठवते. मी तो वाचतोसुद्धा. आप्पांना मात्र सांगत नाही.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या.