भौतिकी चिकित्सा : तंत्रिका व मानसिक विकारांतील इतिहास

व्यायाम, मर्दन, उष्णता, जल, विद्युत् प्रवाह इ. भौतिक साधनांनी रोगनिवारण करण्याच्या व गमावलेली कार्यक्षमता पुन्हा मिळवून देण्याच्या पद्धतीस भौतिकी चिकित्सा म्हणतात. मेंदू, मेरुरज्जू व तंत्रिका (मज्जातंतू) यांच्या विकारांत आणि काही मानसिक विकारांत तिचा उपयोग गेली सुमारे दोन शतके होत आला आहे. या काळात चिकित्सकांपुढे एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला : रोग्यास विश्रांती द्यावी की त्याच्याकडून हालचाल करवून घ्यावी? या प्रश्नाची उत्तरे प्रथम अधिकारी व्यक्तींच्या मतांवरून व पुढे मोजमापावरून देण्यात आली. भौतिकी चिकित्सेचा इतिहास हा बव्हंशी या स्थित्यंतराचा इतिहास होय.

एकोणिसावे शतक : इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक (१७३२–१८२२) यांनी यॉर्क येथे १७९६ मध्ये सुरू केलेल्या ‘रिट्रीट’ या मनोरुग्णालयात साखळदंडांऐवजी मोकळ्या हवेतील फिरणे, बागकाम व नित्याची कामे यांवर भर देण्यात आला. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. तेथील व्यायामप्रकारांत रोगनिवारक व्यायामांचाही समावेश होता. फ्रान्समध्ये द्यूशेन (१८०६–७५) यांनी विशिष्ट स्नायूला विद्युत् प्रवाहाने उत्तेजित करण्याची पद्धत विकसित करून तीवरील ग्रंथ १८५५ मध्ये प्रसिद्ध केला.

यानंतर विश्रांतीच्या बाजूने मोठा कौल पडला. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे विख्यात तंत्रिकाविकारतज्ञ सायलस वेअर मिचेल (१८२९–१९१४) यांनी तंत्रिकादौर्बल्य व हिस्टीरिया यांवर ‘विश्रांती उपचार’ प्रचारात आणला. रोग्यास काही आठवडे अंथरुणातच ठेवावे, आप्तांपासून दूर ठेवावे, भरपूर दूध व पौष्टिक अन्न द्यावे, वाचन-लेखन वर्ज्य करावे, असे त्याचे स्वरूप होते. शरीर निष्क्रिय राहून स्नायू दुर्बल होऊ नयेत म्हणून मर्दन व विद्युत् उपचार दिले जात. म्हणजे हालचालीची गरज मिचेल यांनाही मान्य होती, परंतु ती रोग्याने स्वतः करावयाची नव्हती. हा उपचार मुख्यत्वे स्त्रियांना दिला जाई. लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी तो १८८७ मध्ये घेतला. त्यामुळे आपली मनःस्थिती अधिकच ढासळली, असे त्यांनी पुढे नमूद केले.

याच सुमारास स्वित्झर्लंडमधील हायडन येथे हाइन्रिख फ्रेंकेल (१८६०–१९३१) यांचे लक्ष एका विपरीत अनुभवाकडे वेधले गेले. टेबीझ डॉर्सॅलिस या विकारात उपदंशामुळे मेरुरज्जूच्या पश्चभागाचा ऱ्हास होतो. स्नायूंत बळ असूनही हातपाय कोठे आहेत याची जाणीव नष्ट झाल्याने चाल अडखळते. तपासणीत बोट नाकाला लावता न आलेला असा एक रोगी काही महिन्यांनी तीच क्रिया सफाईने करू लागला. परीक्षेत उतरण्यासाठी त्याने घरी सराव केला होता. रोग बरा झाला नव्हता, परंतु दृष्टीच्या साहाय्याने हालचालींवर ताबा मिळविता आला होता. यावरून फ्रेंकेल यांनी मोजून मापून, हळूहळू अवघड होत जाणारे व्यायाम रचले. ते आजही तोल व सुसूत्रता यांच्या विकारांत वापरले जातात.

बालपक्षाघात : या रोगात (पोलिओत) विषाणूमुळे मेरुरज्जूतील प्रेरक तंत्रिका कोशिका नष्ट होतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अंगात व्यंग येऊ नये म्हणून मुलांचे हातपाय प्लॅस्टरमध्ये किंवा फळ्यांना बांधून महिनोन्‌महिने अचल ठेवीत. ऑस्ट्रेलियन परिचारिका एलिझाबेथ केनी (१८८०–१९५२) यांनी ही बंधने काढून लोकरी कापडाच्या गरम ओल्या घड्यांनी शेक देणे व स्नायूंना पुन्हा हालचाल शिकविणे ही पद्धत अवलंबिली. क्वीन्सलँडमध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाने १९३८ मध्ये तिच्याविरुद्ध अहवाल दिला. केनी १९४० मध्ये अमेरिकेस गेल्या व १९४२ मध्ये मिनीॲपोलिस येथे त्यांच्या नावाची संस्था निघाली. रोगाची त्यांनी दिलेली उपपत्ती शारीरविज्ञानाच्या कसोटीस उतरली नाही. तथापि दीर्घकाळ अचल ठेवण्याची प्रथा मागे पडण्यास त्यांचे कार्य कारणीभूत झाले.

भारत : भारतातही बालपक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांची गरज हे या विद्येच्या वाढीचे एक प्रमुख कारण होते. मुंबईच्या राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयात कमला निंबकर (१९००–७९) यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू झाले. त्यानंतर थोड्याच काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने तेथेच भौतिकी चिकित्सेचे शिक्षण सुरू झाले. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा अखेरचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्यामुळे पक्षाघाताचा झटका, मेरुरज्जूची इजा, कंपवात व मेंदूच्या इजेमुळे बालकांत येणारी विकलता यांना या क्षेत्रात प्राधान्य आले आहे.

पक्षाघात : मेंदूतील रक्तपुरवठा खंडित झाल्यास किंवा रक्तस्राव झाल्यास शरीराची एक बाजू लुळी पडते. बेर्टा (१९०७–९१) व कारेल बोबाथ (१९०६–९१) या दांपत्याने लंडन येथे केवळ निरोगी बाजूवर विसंबून न राहता विकल बाजूस हालचाल शिकविण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेतील एडवर्ड टाउब यांनी माकडांवरील प्रयोगांवरून असे प्रतिपादिले की, आरंभीच्या अपयशामुळे हात ‘न वापरण्याची सवय’ जडते व तीमुळेही विकलता टिकून राहते. निरोगी हातावर मोजा चढवून विकल हाताकडून काम करवून घेण्याच्या या पद्धतीची २२२ रोग्यांवर चाचणी झाली. तिचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनुकूल होते. दोन आठवड्यांच्या उपचाराचा लाभ वर्षभर टिकल्याचे दिसले.

तथापि हालचाल जितकी लवकर व जितकी अधिक तितकी हितकर, हे अनुमानही चुकीचे ठरले. पाच देशांतील २,१०४ रोग्यांवरील व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटक्यानंतर २४ तासांच्या आत वारंवार व दीर्घकाळ उठवून चालविलेल्या रोग्यांपैकी ४६ टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ५० टक्के रोगी तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते. औषधाप्रमाणे हालचालीलाही मात्रा व वेळ असते, हे यावरून स्पष्ट झाले.

मानसिक विकार : अवसादाच्या (खिन्नतेच्या) विकारातही व्यायामाची पद्धतशीर परीक्षा विसाव्या शतकाच्या अखेरीस होऊ लागली. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नाशी उलटलेल्या १५६ रोग्यांचे व्यायाम, सेर्ट्रलीन हे औषध आणि दोन्ही असे तीन गट केले होते. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळपास सारखी सुधारणा आढळली. उपचाराविना ठेवलेला गट त्यात नसल्याने या निष्कर्षास मर्यादा आहे. शिवाय तीव्र अवसादात रोग्यास व्यायामाचा आरंभ करणेच कठीण जाते. अशा वेळी केवळ इच्छाशक्तीचे आवाहन करणे हा उपचार नव्हे.

धोकाघटक : रोग होण्याची शक्यता वाढविणाऱ्या बाबींना धोकाघटक म्हणतात. जेरेमी मॉरिस (१९१०–२००९) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की, लंडनच्या दुमजली बसगाड्यांत दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांमध्ये बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा हृद्‌रोहिणी विकार कमी होता. पुढे हीच दृष्टी मेंदूच्या विकारांना लावण्यात आली. भारतासह २२ देशांतील २०१० च्या अभ्यासात पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका दहा घटकांशी निगडित आढळला. अतिरक्तदाब हा त्यांत सर्वांत प्रबळ असून धूम्रपान, मधुमेह, शारीरिक निष्क्रियता आणि मानसिक ताण व अवसाद यांचाही त्यांत समावेश आहे. लॅन्सेट या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये बुद्धिभ्रंशाचे (स्मृती व आकलन यांच्या ऱ्हासाचे) चौदा घटक नमूद केले. ते सर्व दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के बुद्धिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल, असा आयोगाचा अंदाज आहे. अवसाद व निष्क्रियता हे त्यांपैकी होत.

हे आकडे समाजाविषयीचे आहेत. एखाद्या व्यक्तीस रोग का झाला हे त्यांवरून सांगता येत नाही. अंतर्यामी सुरू झालेल्या रोगामुळेही हालचाल मंदावते वा मन खिन्न होते. त्यामुळे कारण व परिणाम वेगळे करणे अवघड असते. म्हणूनच रोग्याच्या आळसास दोष देण्यासाठी या ज्ञानाचा उपयोग करणे अशास्त्रीय ठरते. रक्तदाबाची नियमित तपासणी, चालण्यास सुरक्षित रस्ते आणि रोग्याच्या घराजवळ प्रशिक्षित चिकित्सक या गोष्टी समाजाने उपलब्ध करून द्यावयाच्या असतात. भारतात भौतिकी चिकित्सेसह संबंधित आरोग्य व्यवसायांचे शिक्षण व नोंदणी यांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २०२१ मध्ये संमत झाला.