कमी उजेडातील हिरवाई

इमारतींच्या दाटीत अनेक सदनिकांना थेट ऊन मिळत नाही. अशा घरांत सान्सेव्हेरिया, झीझी, अॅग्लोनिमा व मनीप्लँट तग धरतात. मात्र कमी उजेड म्हणजे काळोख नव्हे. दिवसा दिव्याविना वर्तमानपत्र वाचता येईल इतका प्रकाश हवाच. पांढऱ्या-पिवळ्या छटांच्या पानांत हरितद्रव्य कमी असल्याने ती झाडे खिडकीजवळ ठेवावीत.

ही झाडे बहुधा दगावतात ती अतिपाण्याने. उजेड कमी असला की वाढ मंदावते आणि पाण्याची गरजही घटते. सतत ओल्या मातीत मुळांना हवा न मिळाल्याने ती कुजतात. म्हणून वार ठरवून पाणी घालू नये. बोटाचे एक पेर मातीत घालून ती कोरडी लागली तरच द्यावे. झीझीच्या कंदांत व सान्सेव्हेरियाच्या जाड पानांत पाणी साठलेले असते. त्यांची माती पूर्ण वाळू द्यावी. पावसाळ्यात पाणी आणखी कमी करावे. बशीत पाणी साचू देऊ नये. त्यात डेंग्यूचे डास वाढतात.

अॅग्लोनिमा व मनीप्लँट यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. पान चघळल्यास तोंडाची आग होऊन सूज येते. त्यामुळे रांगती मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून ती दूर ठेवावीत.