पाण्याखालचा पंखा

हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या नगरांच्या मध्ये पसरलेला हुसेनसागर वयाने हैदराबाद शहरापेक्षाही मोठा आहे. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या कारकिर्दीत, १५६२ च्या सुमारास, मुसी नदीच्या एका उपनदीवर बांध घालून हा तलाव निर्माण करण्यात आला. शहराची स्थापना झाली ती त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, १५९१ मध्ये. १९५६ पर्यंत मराठवाड्याची राजधानी हैदराबादच असल्यामुळे तेथील जुन्या पिढीला या तलावाचा बांध चांगला परिचयाचा होता. १९९२ च्या डिसेंबरात तलावाच्या मध्यावरील खडकावर गौतम बुद्धांची भव्य पाषाणमूर्ती उभी राहिली, आणि पुढे लुंबिनी उद्यानाच्या धक्क्यावरून प्रवासी बोटी मूर्तीपर्यंत ये-जा करू लागल्या. वेगाची हौस असणाऱ्यांसाठी छोट्या मोटारबोटीही तेथे पाणी कापीत धावतात.

काठावरून पाहणाऱ्याला बोटीची नाळ दिसते आणि एंजिनाचा आवाज ऐकू येतो. पण एंजिनाची सारी शक्ती पाण्याच्या स्वाधीन करणारा अवयव मात्र पाण्याखाली दडलेला असतो. त्याला इंग्रजीत प्रॉपेलर, शास्त्रीय मराठीत मळसूत्री पंखा आणि कोकणच्या किनाऱ्यावर नुसता ‘पंखा’ म्हणतात. बोट मंद चालू लागली किंवा तेल अधिक पिऊ लागली, की मालकाच्या मनात प्रथम येतो तो मोठ्या एंजिनाचा विचार. वस्तुतः पुष्कळदा दोष एंजिनाचा नसून पंख्याच्या निवडीचा असतो, आणि एंजिनाला हात न लावता केवळ योग्य पंखा बसविल्याने बोटीची चाल पालटते. हे ज्ञान कोणा एका पंडिताने ग्रंथात बसून मिळविलेले नाही. सुमारे साठ वर्षे पंखे मोडून, काढून आणि बदलून ते मिळविण्यात आले आहे.

वाफेची शक्ती नौकेला प्रथम जोडली गेली ती वल्ह्यांच्या चाकांद्वारे. नौकेच्या दोन्ही कुशींना पाणचक्कीसारखी मोठी चाके असत. नदीत ती ठीक चालत. पण समुद्रात नौका एका कुशीवर झुकली, की एक चाक पाण्यात खोल बुडे आणि दुसरे हवेत व्यर्थ फिरे. युद्धनौकांना तर ही चाके म्हणजे शत्रूच्या तोफांना आयते निशाणच होते. मळसूत्राने पाणी वर चढविता येते, हे आर्किमिडीजच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या यंत्रामुळे पूर्वीपासून ठाऊक होते. तेच मळसूत्र नौकेला पुढे का ढकलणार नाही, हा विचार अनेकांना सुचला. योसेफ रेसेल या ऑस्ट्रियातील वनाधिकाऱ्याने १८२७ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि १८२९ मध्ये ट्रिएस्ट बंदरात प्रयोगही केला. परंतु वाफेची नळी फुटली आणि अधिकाऱ्यांनी पुढील प्रयोग थांबविले.

१८३६ मध्ये इंग्लंडात दोघांनी काही आठवड्यांच्या अंतराने मळसूत्राची पेटंटे घेतली. एक होता फ्रान्सिस पेटिट स्मिथ, लंडनजवळच्या हेंडन गावचा शेतकरी. दुसरा स्वीडनचा एंजिनियर जॉन एरिक्सन. एरिक्सनने पुढच्याच वर्षी आपल्या बोटीने आरमारखात्याच्या अधिकाऱ्यांची नाव टेम्स नदीतून ओढून दाखविली. पण मागच्या टोकाकडून ढकलली जाणारी नौका सुकाणूला दाद देणार नाही, असा समज त्यांच्या मनातून गेला नाही, आणि एरिक्सनने अखेर अमेरिकेचा रस्ता धरला.

स्मिथने सहा टनांची एक छोटी बोट बांधून तिला लाकडी मळसूत्र बसविले. त्या मळसूत्राला दोन पूर्ण वेढे होते. जितके वेढे अधिक तितकी पाण्यावरची पकड अधिक, असा साधा हिशेब त्यामागे होता. १८३७ च्या फेब्रुवारीत पॅडिंग्टनच्या कालव्यात बोट चालू असता मळसूत्राला धक्का बसला आणि त्याचा जवळजवळ अर्धा भाग तुटून पडला. आता बोट थांबणार, असे कोणालाही वाटले असते. पण बोट थांबण्याऐवजी पूर्वीपेक्षा वेगाने पुढे झेपावली!

हे कसे घडले? मळसूत्राचा पहिला वेढा स्थिर पाण्याला मागे रेटतो. दुसऱ्या वेढ्याला मिळते ते आधीच गतिमान झालेले पाणी. त्याला रेटण्यासारखे फारसे काही उरत नाही. उलट त्याच्या लांबरुंद पृष्ठभागाशी पाण्याचे घर्षण होऊन एंजिनाची शक्ती वाया जाते. स्मिथचा मोठेपणा असा, की त्याने मोडलेला भाग पुन्हा पूर्वीसारखा जोडून घेतला नाही. त्याने एकाच वेढ्याचे नवे मळसूत्र करविले, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ती चिमुकली बोट थेट समुद्रात नेऊन दाखविली. पंखा बदलून नौका सुधारण्याची विद्या येथे सुरू झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

या यशामुळे २३७ टनांची ‘आर्किमिडीज’ ही नौका बांधली गेली. आरमारखात्याने तिच्याकडून पाच नॉट वेगाची अपेक्षा केली होती. ती जवळजवळ त्याच्या दुप्पट वेगाने धावली. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात सुमारे १.८५ किलोमीटर. १८४० मध्ये प्रख्यात एंजिनियर ब्रुनेल याने ही नौका काही महिन्यांकरिता मागून घेतली आणि तिच्यावर निरनिराळ्या घडणीचे पंखे चढवून पाहिले. त्या वेळी तो ‘ग्रेट ब्रिटन’ हे प्रचंड लोखंडी जहाज बांधीत होता आणि त्याला वल्ह्यांची चाके बसवावयाची ठरली होती. प्रयोगांचे निष्कर्ष हाती येताच त्याने तो बेत रद्द करून मळसूत्री पंखा स्वीकारला.

परंतु थोरामोठ्यांनाही पंख्याची निवड एका फटक्यात साधत नाही. ‘ग्रेट ब्रिटन’चा पहिला पंखा सहा पात्यांचा आणि साडेपंधरा फूट व्यासाचा होता. १८४५ च्या जुलैत त्याच्या बळावर जहाजाने न्यूयॉर्कची पहिली सफर केली खरी. पण दुसऱ्याच सफरीत पाती तुटत गेली आणि परतीचा प्रवास शिडांच्या आधाराने पुरा करावा लागला. त्यानंतर जहाजाला चार पात्यांचा अधिक भक्कम पंखा बसविण्यात आला. त्याच सुमारास ब्रिटिश आरमाराने ‘रॅटलर’ या नौकेवर अनेक प्रकारचे पंखे आळीपाळीने लावून पाहिले, आणि त्यांत सरस ठरला तो स्मिथचा दोन पात्यांचा. १८४५ च्या एप्रिलात ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ या चाकांच्या नौकेला रस्सीखेचीत उलट दिशेने ओढीत नेले, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. पण त्या देखाव्यापूर्वीच आरमाराने मळसूत्री नौका बांधावयास घेतल्या होत्या. खरा निर्णय झाला होता तो आधीच्या शांत आणि कंटाळवाण्या चाचण्यांत. हीच ‘रॅटलर’ पुढे १८५२ मध्ये ब्रह्मदेशाच्या युद्धात आली.

पंखा बदलल्याने केवढा फरक पडतो, याचे बोलके उदाहरण ‘आयरिस’ या पोलादी युद्धनौकेचे आहे. १८७८ च्या सुमारास तिच्या चाचण्या झाल्या, तेव्हा एंजिने अपेक्षेप्रमाणे शक्ती देत असूनही वेग साडेसोळा नॉटांच्या आसपासच अडखळला. तज्ज्ञांनी एंजिनांना दोष न देता पंख्यांकडे लक्ष वळविले. ते कमी व्यासाच्या नव्या पंख्यांनी बदलताच तीच नौका, त्याच एंजिनांवर, साडेअठरा नॉटांपर्यंत पोहोचली. जुन्या पंख्यांची विस्तीर्ण पाती पाणी रेटण्यापेक्षा घुसळण्यातच शक्ती खर्च करीत होती.

याच्या उलट संकट चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’वर आले. १८९४ मध्ये पाण्यात उतरलेल्या या नौकेचे टर्बाइन इतके वेगवान होते, की एकुलता एक पंखा फिरताना पात्यांमागचे पाणी तुटून तेथे वाफेच्या पोकळ्या निर्माण होत. पंखा जणू फेसात फिरे आणि नौका वीस नॉटही गाठू शकत नसे. पार्सन्सने काचेची खिडकी असलेल्या टाकीत छोटे पंखे फिरवून या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या. मग त्याने एकाऐवजी तीन दांडे आणि प्रत्येक दांड्यावर तीन, असे नऊ पंखे बसविले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवी आरमारी संचलनात ‘टर्बिनिया’ सुमारे ३४ नॉट वेगाने धावली आणि तिला अडविण्यास निघालेल्या नौका मागेच राहिल्या. ‘आयरिस’ला कमी पाते लाभदायक ठरले, ‘टर्बिनिया’ला अधिक, म्हणजे सर्वांना लागू पडणारा उत्तम पंखा असा नाहीच.

या इतिहासाने जे शिकविले, ते आजच्या लहान मोटारबोटीच्या मालकालाही उपयोगी आहे. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात: एक व्यासाचा, दुसरा पिचचा. लाकडात फिरविलेला स्क्रू एका फेऱ्यात जितका आत शिरतो, ती त्याची पिच. ४० सेंटिमीटर पिचचा पंखा मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर हिशेबाने बोट मिनिटाला ८०० मीटर, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर गेली पाहिजे. परंतु पाणी लाकडासारखे घट्ट नसते; पंखा त्यात थोडा घसरतो. शेकडा पंधरा घसर धरली तर प्रत्यक्ष वेग ताशी ४१ किलोमीटरांच्या आसपास येईल. सायकलच्या भाषेत सांगावयाचे तर अधिक पिच म्हणजे जड गिअर. सपाट रस्त्यावर तो वेग देतो, पण चढावर पाय थकवितो.

एंजिनाचा कारखाना पूर्ण वाफेवर, म्हणजे थ्रॉटल संपूर्ण उघडल्यावर, किती फेरे पडावेत याची मर्यादा सांगत असतो. नेहमीचे ओझे घेऊन, शांत पाण्यात ही परीक्षा करावी. समजा, मर्यादा ५००० ते ५५०० असून फेरे ४६०० वरच थांबले, तर पंखा त्या एंजिनाला जड आहे. अशा एंजिनाचा दम कोंडतो, ते तापते, तेल खाते आणि लवकर झिजते. पिच एका इंचाने उतरविली की फेरे साधारणपणे दीडशे ते दोनशेंनी वाढतात. म्हणून येथे दोन-तीन इंच कमी पिचचा पंखा हवा. उलट फेरे मर्यादेबाहेर जात असतील, तर पिच वाढवावी.

हैदराबादच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हे शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंच आहे. तेथील हवा किंचित विरळ असल्यामुळे साध्या पेट्रोल एंजिनाची शक्ती मुंबईच्या तुलनेत सुमारे विसाव्या हिश्शाने घटते. मुंबईच्या खाडीत अचूक ठरलेला पंखा हुसेनसागरात जड पडू शकतो, तो यामुळेच. कोयनेच्या शिवसागरात बामणोली-तापोळ्याकडे चालणाऱ्या लाँचींनाही थोड्याफार फरकाने हाच नियम लागू आहे. शिवाय जेथे जलपर्णी आणि गवत असते, तेथे मागे झुकलेल्या धारांची पाती बरी; त्यांवरून वेली निसटून जातात.

कामाप्रमाणेही पंखा बदलतो. हलक्या वेगनौकेला लहान व्यास आणि अधिक पिच मानवते. प्रवाशांनी भरलेल्या बोटीला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा आणि सावकाश फिरणारा पंखा हवा. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मच्छीमार होड्यांना यंत्रे बसू लागली, तेव्हा हाच धडा तेथेही गिरवावा लागला. जाळे ओढणाऱ्या होडीला वेगापेक्षा रेटा अधिक लागतो. भरतीच्या उलट, मासळीने भरलेली होडी घरी आणावयाची असते तेव्हा चुकीच्या पंख्याची किंमत केवळ तेलात मोजता येत नाही.

पाण्याचा हिशेब किती कठोर असतो, हे हुसेनसागरालाही ठाऊक आहे. १० मार्च १९९० रोजी बुद्धमूर्ती वाहून नेणारा तराफा कलंडून मूर्ती तळाशी गेली आणि माणसेही प्राणास मुकली. तो अपघात पंख्याचा नव्हता. पण शांत दिसणाऱ्या पाण्यावरही वजन, शक्ती आणि तोल यांचा मेळ अंदाजाने बसविता येत नाही, याची तो आठवण देतो. ज्या बोटीत इतरांची मुलेबाळे बसतात, तिच्या एंजिनाला वाऱ्यापावसात काठ गाठण्यापुरता जोर हाताशी राहिलाच पाहिजे. आणि तो राहील की नाही, हे पाण्याखालचा पंखा ठरवितो.

म्हणून मोठे एंजिन विकत घेण्यापूर्वी मालकाने फेरे मोजावेत, ओझे मोजावे, आणि दोन पंखे आळीपाळीने लावून पाहावेत. ब्रुनेलसारख्या एंजिनियरने आपल्या जहाजाचे आराखडे बदलण्यापूर्वी हेच केले होते. हेंडनच्या शेतकऱ्याला तर मोडक्या लाकडी मळसूत्रानेच ते शिकविले, कारण बोट वेगाने पळाली तेव्हा नुसता आनंद न मानता त्याने त्याचे कारण शोधले.