एकाधिकार ते खुला बाजार : आपल्या कापसाची गोष्ट

संपादक मंडळाने बँकेतल्या आठवणी मागितल्या. पण आपल्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांच्या पायव्यात कापसाचा पैसा आहे, म्हणून कापसाचंच लिहितो. १९९१ म्हटलं की डॉ. मनमोहन सिंगांचं २४ जुलैचं बजेट आठवतं. तिवस्याच्या कास्तकाराला मात्र खुला बाजार दिसला तो अकरा वर्षांनी, २००२ मध्ये.

नव्या पिढीसाठी थोडं मागचं सांगतो. १९७१ चा कायदा आणि १९७२ पासून वसंतराव नाईक सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना. कापूस फक्त सरकारी यंत्रणेला विकायचा, व्यापाऱ्याला नाही. १९८४ पासून त्यासाठी स्वतंत्र कापूस पणन महासंघ झाला. हमीभाव आधीच जाहीर, अडत्याची कटकट नाही. ग्रेडर मात्र देव! त्याने खालची प्रत लिहिली की संपलं. केंद्रावर बंड्यांची रांग, थंडीत रात्र बंडीखाली, आणि चुकारा हप्त्याहप्त्याने.

त्या चुकाऱ्यातूनच पीककर्जाची कपात व्हायची. कर्ज देणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय असणार? म्हणून काही जण साळ्याच्या, जावयाच्या नावावर कापूस टाकत. शिवाय वरुड-मोर्शीकडे मध्य प्रदेशची सीमा लागूनच. बाहेर भाव चढला की कापूस रातोरात तिकडे, पडला की तिकडचा इकडे. माझ्या मते योजनेचं खरं दुखणं हेच. तेजीतला नफा निसटायचा, मंदीतला तोटा सरकारच्या गळ्यात. त्यात हमीभाव केंद्राच्या आधारभूत किमतीहून वर ठेवायचा, कारण निवडणुका! शेवटी तोटा फुगला, चुकारे रखडले. काउंटरवर रोज एकच प्रश्न, "साहेब, आला का जी चेक?" ज्याच्या घरी पोरीचं लग्न ठरलं असे, त्याच्याकडे बघवत नसे.

२००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदी खुली झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये बीटी कापसालाही परवानगी मिळाली. व्यापाऱ्याची गाडी थेट अंगणात येऊ लागली, रोख पैसे देऊ लागली. काट्यात मारलं तरी कास्तकार म्हणायचा, "पैसा तं हातात आला ना भाऊ!" पण बियाणं, फवारणीचा खर्च वाढला, भाव जगाच्या बाजाराशी बांधला गेला, आणि कपात बंद झाल्याने कर्जाची वसुलीही ढिली पडली. २००६ च्या जुलैत १९९१ चे तेच अर्थमंत्री पंतप्रधान म्हणून विदर्भात आले. आत्महत्यांच्या छायेतल्या सहा जिल्ह्यांना, त्यात अमरावती-अकोलाही, ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं.

एकाधिकार परत आणा म्हणणारे अजूनही भेटतात. मला ते पटत नाही. बंडीखालची रात्र ते विसरले असावेत. पण सगळं बाजारावर सोडा म्हणणाऱ्यांचंही पटत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं होतं, ते ऐन हंगामाच्या तोंडावर. आता हमीभावाने सीसीआयला विकायचं तर आधी मोबाईलच्या ॲपवर नोंदणी करावी लागते, आणि ज्याला ते जमत नाही तो शेजारच्या पोराला हाक मारतो.