एल्डर्स हेल्पलाइन, बेंगळूरु

बेंगळूरु शहरातील ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेली दूरध्वनी साहाय्यसेवा. क्रमांक १०९०. बेंगळूरु शहर पोलीस आणि नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट यांनी ती २००२ मध्ये संयुक्तपणे सुरू केली. डॉ. राधा मूर्ती व एस. प्रेमकुमार राजा हे ट्रस्टचे संस्थापक.

पार्श्वभूमी : सौम्य हवेमुळे बेंगळूरु हे निवृत्तांचे आवडते शहर होते. मल्लेश्वरम, बसवनगुडी, जयनगर अशा वस्त्यांत अनेकांनी आयुष्याची पुंजी घालून घरे बांधली. पुढे कित्येकांची मुले परदेशी गेली आणि जागांचे भाव चढत गेले. म्हातारपणाचा आधार असलेले घरच अनेक कुटुंबांत भांडणाचे कारण ठरले.

कार्यपद्धती : छळ, मालमत्तेचे वाद, फसवणूक, एकाकीपण अशा तक्रारी येथे ऐकून घेतल्या जातात. समुपदेशक शक्यतो दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून समेट घडवतात. ते न जमल्यास पोलिसी वा कायदेशीर मार्ग उरतो. पोलिसांचे पाठबळ असल्याने समुपदेशकांच्या शब्दाला वजन येते. पोटच्या मुलाविरुद्ध फिर्याद देण्यास आईवडील कचरतात. म्हणून हा मधला मार्ग मोलाचा आहे.

कायदेशीर आधार : आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ नुसार वयाची ६० वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, कलम २३ अन्वये न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. त्यामुळे बक्षीसपत्रात ही अट स्पष्ट लिहिणे हिताचे.

घरातील सुरक्षितता : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात, त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. न्हाणीघरात धरायला दांडी, न घसरणारी फरशी, रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर मंद दिवा, डोळ्यांची व औषधांची नियमित तपासणी आणि विश्वासू शेजाऱ्याकडे एक किल्ली, एवढ्यानेही धोका बराच घटतो. या सोयी न करताच, केवळ पडण्याच्या भीतीने वृद्धाला घर सोडायला लावणे अन्यायाचे आहे.

इतर सेवा : ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ (१४५६७) ही राष्ट्रीय सेवा २०२१ पासून देशभर उपलब्ध असून महाराष्ट्रातील ज्येष्ठांनाही तिचा उपयोग करता येतो.